पर्वणीचा समुद्र

नाशिकच्या माणसाचं आणि समुद्राचं नातं तसं तुटकच. गोदावरी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. पण बाई त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघतात आणि जवळपास १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतात. आमच्या रामकुंडात सोडलेला दिवा नशिबाने तरलाच, तर त्याला राजमहेंद्री लागेल, रत्नागिरी काही लागायची नाही.

पंचवटीत वाढलेल्या आम्हा भावंडांना समुद्र आधी भेटला तो श्लोकात. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आधी ‘समुद्रवसने देवि’ म्हणायचं, म्हणजे समुद्र नेसलेल्या भूमीला पाय लावल्याबद्दल तिची क्षमा मागायची. अण्णा, म्हणजे आमचे आजोबा, याज्ञिक. त्यांचे कान दाराशी असायचे. श्लोक ऐकू आला नाही तर परत अंथरुणात जाऊन पुन्हा उठावं लागे. हे मी गमतीने सांगत नाही, खरोखर परत आडवं व्हावं लागे.

सोवळ्याचं घर. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये. दिवसभर पोस्टाच्या तिकिटांचे ताव हाताखालून जायचे. घरी आले की कपडे न्हाणीत, डोक्यावरून आंघोळ, आणि मगच त्यांनी आम्हाला जवळ घ्यायचं. कांदा-लसूण नाही, बाहेरचं खाणं नाही, कुणाकडे पाणी प्यायचं झालं तर आधी कुणाकडे ते विचारायचं. आम्हाला याचं काही वाटत नसे, कारण आळीतल्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने हेच चालायचं. धर्म म्हणून वेगळं काही नव्हतंच, ते घरच होतं. आपलं घर कडक आहे हे मला कळलं ते गुहागरच्या वाळूत उभं राहिल्यावर.

गुहागरला जायचं कारण व्याडेश्वर, आमचं कुलदैवत. पेशवाईत कोकण सोडून देशावर आलेल्या घराण्यांपैकी आम्ही. देव तिकडेच राहिले. त्यामुळे त्या जाण्याला सुट्टी, सहल, फिरणं असलं काही म्हणायची सोय नव्हती. तो कुलाचार होता. समुद्र देवळाच्या मागेच होता हा केवळ योगायोग, असा घरातल्या मोठ्यांचा एकूण आविर्भाव. शाळेत मे महिन्यानंतर ‘मी सुट्टी कशी घालवली’ लिहायला सांगत. मी अभिषेकापासून सुरुवात करायची आणि समुद्राला शेवटच्या दोन ओळी मिळायच्या.

नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून एसटीची लाल गाडी. कसारा घाट, मग पनवेल, पेण, माणगाव, महाड, कशेडी घाट, चिपळूण. सामानात देवांची पेटी, पळी-पंचपात्र, अण्णांचा सोवळ्याचा कद आणि गोदेच्या पाण्याने भरलेले फिरकीचे तांबे. जेवायला दशम्या. दशमी दुधात भिजवतात, तिला पाण्याचा स्पर्श नसतो, म्हणून ती प्रवासात चालते. पोळी चालत नाही. दशमीबरोबर मेतकूट, गूळ-तूप, लिंबाचं लोणचं. पनवेलला गाडी थांबली की सगळे उतरून बटाटेवड्यांवर तुटून पडत आणि आम्ही खिडकीशी बसून दशम्या खात असू. दशम्या चांगल्या असत, अगदी मऊसूत. पण वड्याचा वास खिडकीतून आत येई आणि आई काच ओढून घेई.

महाडला अण्णा कधीच खाली उतरले नाहीत. तिथेही गाडी बराच वेळ थांबायची. ते तांब्याची फिरकी उघडून उंचावरून घोटभर पाणी तोंडात सोडत आणि परत लावून टाकत. नववीत इतिहासाच्या बाईंनी महाडचं चवदार तळं शिकवलं, २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं, तेव्हा मला तो स्टँड आणि तो तांब्या आठवला. पाठोपाठ २ मार्च १९३० आलं, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड. हे तर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं. पाच वर्षं चाललेली गोष्ट, आणि आमच्या घरात ती कुणी कधी काढलेली नव्हती. मी घरी येऊन विचारलं. अण्णा तेव्हा पंधरा-सोळांचे असणार. म्हणाले, “दारं बंद होती. बरेच दिवस आम्हालाही दर्शन नव्हतं.” एवढंच. त्यातला ‘आम्हालाही’ मला अजून पुरलेला नाही.

तर गुहागर. उतरायचं उपाध्यांच्या घरी. मागे नारळी-पोफळीचं आगर, आगराच्या टोकाला बेडं, म्हणजे कुंपणातलं फाटक, आणि बेड्यापलीकडे एकदम समुद्र. मैलोगणती सरळ किनारा, पांढरट वाळू, कडेला सुरूची झाडं. आणि पाण्यात जायचं नाही.

हा नियम आमच्या घरातला आम्हाला सगळ्यात विचित्र वाटलेला नियम. अण्णांच्या पोथीप्रमाणे पिंपळ आणि समुद्र यांचं दर्शन रोज घ्यावं, स्पर्श करू नये. पिंपळाला शनिवारी शिवावं, समुद्राला पर्वणीला. म्हणजे अमावास्येला किंवा पौर्णिमेला. एरवी काठावर उभं राहायचं, नमस्कार करायचा, बघायचं. रामकुंडात वर्षाचे सगळे दिवस डुंबणारी आम्ही मुलं समुद्रासमोर चपला घालून उभी राहायचो. लाट आली की मागे सरकायचं, ती गेली की पुढे. खेळ म्हणून हे थोडा वेळ बरं वाटतं.

बाबा पंचांग बघून रजा टाकत, मुक्कामात एक पर्वणी बसेल अशी. दशमी-एकादशीच्या सुमारास पोचायचं आणि पौर्णिमा करून निघायचं. मधले दिवस नुसतं बघणं. आणि तिथेच आम्हाला ती दुसरी मुलं दिसायची, मुंबईची, पुण्याची, चड्डीवर सकाळपासून पाण्यात. त्यांच्यातल्या एका मुलाने माझ्या भावाला विचारलं, “तुम्हाला बरं नाही का?” भाऊ म्हणाला, “आज द्वादशी आहे.” त्या मुलाने त्याच्याकडे जसं बघितलं तसं आमच्याकडे त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. मला वाटतं, त्या क्षणी आमचं घर मला पहिल्यांदा बाहेरून दिसलं.

पोथीचं सोवळं कोकणच्या हवेला मानवत नव्हतं हेही तिथेच कळलं. नाशिकला आजीचं सोवळ्याचं लुगडं रात्री काठीने उंच दांडीवर टाकलं की सकाळी कडकडीत वाळलेलं असे. गुहागरला ते सकाळी हाताला गार, दमट लागायचं. खाऱ्या हवेत सुती कापड रात्रीत वाळतच नाही. ओलेत्याने स्वयंपाक करणं किंवा धाबळी नेसणं, दोनच मार्ग. धाबळी लोकरीची, तिला विटाळ नाही. त्यामुळे मे महिन्याच्या त्या उकाड्यात, चुलीपुढे, आमची आजी लोकरी धाबळी नेसून आमसुलाचं सार करायची. कपाळावरून घाम निथळून भुवयांशी थांबायचा, तो ती कोपराने पुसायची, कारण हात सोवळ्यातल्या भांड्याला लागलेले. धाबळीच्या कडेला मानेवर लाल चट्टा उठायचा. संध्याकाळी आई त्यावर खोबरेल लावायची. आजीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, आणि पुरुषांपैकी कुणी तो चट्टा पाहिल्याचंही मला आठवत नाही.

उपाध्येकाकूंना हे बघवत नसे. त्या स्वतः काही कमी सोवळ्याच्या नव्हत्या, पण कोकणातल्या. “आक्का, इथे वाराच खारट. देवाला ठाऊक आहे ते,” असं आजीला म्हणायच्या. आजी हसायची आणि धाबळीच नेसायची.

पर्वणीच्या दिवशी मात्र सगळं सैल व्हायचं. पहाटे उठून सगळे बेड्यातून बाहेर. समुद्र तेव्हा खूप आत गेलेला असे. पौर्णिमेच्या पहाटे ओहोटी असते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षा लांब ओसरतं. मधली वाळू ओली, घट्ट, काचेसारखी. तिच्यावर बारीक खेकड्यांनी पाणी ओसरल्यापासून काम केलेलं असायचं: मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या वाळूच्या गोळ्या, प्रत्येक बिळाभोवती ओळीने मांडलेल्या, मधून बिळात जायला एक वाट मोकळी. वाळूतलं खाणं खाऊन उरलेली वाळू ते गोळी करून मागे टाकतात. पाय ठेवला की गोळ्या मोडत, म्हणून मी त्या मोकळ्या वाटांवरून चवड्यांवर चालत जायची आणि सगळ्यांच्या मागे राहायची. मग अण्णांचा संकल्प, नारळ, आणि पाणी. अण्णांनी संकल्प संपवला की आम्ही सुटायचो ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. आजी बुडी मारून नाक धरून वर यायची आणि चक्क पुन्हा बुडी मारायची. शास्त्राला एक पुरते, दुसरी तिची स्वतःची असावी.

हल्ली व्हॉट्सअॅपवर अशा प्रत्येक नियमामागे एक वैज्ञानिक कारण पाठवलं जातं. पर्वणीच्या समुद्रस्नानाबद्दलही मला असं काही आलं होतं: आपल्या पूर्वजांनी सुरक्षिततेचा विचार करून म्हणे दिवस ठरवले. सुरक्षितता बघायची असती तर पूर्वजांनी नेमके हेच दिवस टाळले असते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, भरती सगळ्यात मोठी, ओहोटी सगळ्यात खोल, पाण्याला ओढ जास्त. शांत समुद्र हवा असेल तर अष्टमीच्या आसपास जावं, तेव्हा भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असतं. नियम हा नियम होता. त्याला विज्ञानाची झूल घातली की तो जास्त शहाणा होत नाही, आणि अण्णांना तर ती झूल अपमानास्पद वाटली असती.

मात्र पंचांगाचा समुद्राशी संबंध खरा आहे. एकदा किनाऱ्यावर होडी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने अण्णांना लांबूनच हाक मारून विचारलं, “भटजीबुवा, आज तिथी कंची?” अण्णांनी सांगितली. त्याने मनाशी हिशेब केला आणि भरतीची वेळ सांगितली. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला पुरतं. अण्णा चकितच झाले. जन्मभर ज्या तिथीवर श्राद्धं आणि मुंजी काढल्या तिच्यावर एक माणूस जाळी टाकतो हे त्यांना नवीन होतं. नंतर दोन दिवस ते घड्याळ घेऊन बेड्याशी उभे राहून पडताळा बघत होते. मासे पकडणाऱ्या माणसाशी ते दहा हात अंतर राखून बोलले, पण बोलले खूप वेळ.

आणि ते संध्येला उभे राहायचे ते मला आवडायचं. नाशिकला सूर्य पलीकडच्या घरांमागे कधी जाई ते कळत नसे, घड्याळावर संध्या व्हायची. इथे तो समोर, उघडा. अण्णा वाळूत पश्चिमेकडे तोंड करून उभे राहात आणि अर्घ्य देत, समुद्राच्या काठावर, तांब्यातून आणलेल्या गोदेच्या पाण्याचं. एवढं पाणी समोर असताना घरचं पाणी, यातली गंमत मला तेव्हाही कळत होती. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरची आठी गेलेली असे, आणि त्या तेवढ्या वेळात आम्ही काही मागितलं असतं तर कदाचित मिळालं असतं. मागायचं कसं ते आम्हाला माहीत नव्हतं.

माझ्या भावाला ते सापडलं. तो सुट्टीत पाठशाळेत जायचा. एका वर्षी त्याने कुठूनसं शोधून काढलं की पर्वं दोन नाहीत, पाच आहेत: चतुर्दशी, अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा आणि सूर्याची संक्रांत. श्लोक पाठ करून त्याने गुहागरला पोचल्याच्या संध्याकाळी तो अण्णांपुढे म्हणून दाखवला. आई स्वयंपाकघराच्या दारात गोठून उभी राहिली. अण्णा रागावले नाहीत. खूश झाले. “कुठे वाचलंस? अर्थ सांग.” त्याने सांगितला. रात्रभर त्यांनी विचार केला असावा, कारण सकाळी निकाल आला: “चतुर्दशी मान्य. अष्टमी आपल्या मुक्कामात पडत नाही, तेव्हा तिचा वाद आत्ता नको.” एखाद्या न्यायाधीशाने सोडून द्यावा तसा तो मुद्दा त्यांनी खुला सोडला. त्या वर्षापासून आम्हाला दोन दिवस मिळाले. (पोहायला सगळ्यात बरी ती अष्टमीच, ती मात्र कायम वादातच राहिली.)

आमच्या घरात नियम हलायचा तो असा. नियमाला नियमच सरकवू शके. हौस, इच्छा, कंटाळा, दया, यांपैकी कशालाही तिथे किंमत नव्हती. ज्याला संस्कृत येई त्याला थोडी जागा मिळे. आणि संस्कृत शिकायला पाठशाळेत भाऊ जायचा, मी जात नव्हते.

मी तेरा वर्षांची असताना त्रयोदशीला, गुहागरलाच, बाजूला बसले. वर्षभर ज्या दोन दिवसांची वाट बघितली ते दोन्ही गेले. पडवीच्या कोपऱ्यात वेगळं अंथरूण, वेगळं भांडं, केळीच्या पानावर वरून वाढलेला भात. माझ्याकडे श्लोक नव्हता. मी आईला एवढंच म्हणाले, “मला जायचंय.” आई पानावर ताक ओतत होती, हात उंच धरून. म्हणाली, “जायचंय हे काय कारण झालं?” रागाने नाही. तिला खरंच ते कारण वाटत नव्हतं, जसं मला आता दुसरं कुठलं कारण पुरेसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, सगळे समुद्रावर गेले तेव्हा उपाध्येकाकू आल्या. त्यांनी मला वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, “आमच्याकडे आगराला पाणी कोण सोडणार, चार दिवस बसून? चल माझ्याबरोबर.” त्यांनी मला शिवलं नाही. नियम त्यांनाही होताच, फक्त त्यांचा कामाला जागा देणारा होता. मी फावड्याने पाट फोडत, एकेका पोफळीच्या आळ्यात पाणी वळवत शेवटपर्यंत गेले. बेड्याशी पोचल्यावर समुद्र होताच समोर, आणि त्यात माझा भाऊ, काका, चुलतभाऊ, ओरडत. काकू म्हणाल्या, “इथून दिसतंय ना चांगलं?” दिसत होतं. मी काही बोलले नाही आणि पुढच्या आळ्याचा पाट फोडला.

लोक म्हणतात, त्या शिस्तीतच मजा होती, वाट बघण्यात गोडी होती. माझ्या चुलतभावंडांत असं म्हणणारे बरेच झालेत, बहुतेक पुरुष. मला हे पटत नाही. सकाळपासून पाण्यात असणाऱ्या त्या मुंबईच्या मुलांना आमच्यापेक्षा जास्त मजा येत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तासन्‌तास पाहिलंय, दुसरं काही करायला परवानगीच नव्हती. खेकड्यांच्या गोळ्या मी इतक्या जवळून पाहिल्या हे खरं, पण त्या पाण्यात जाऊन आलेल्या मुलीलाही दिसल्या असत्या.

आता अण्णा नाहीत, बाबाही नाहीत. भाऊ परदेशात आहे. आम्ही अजून गुहागरला जातो. आई सत्त्याहत्तरची आहे. व्याडेश्वराला अभिषेक होतो, मग माझी मुलगी आणि मी पाण्यात. गेल्या मे महिन्यात मी मुद्दाम पौर्णिमा साधून खोली घेतली होती. सकाळी वाळूत आईसाठी खुर्ची टाकली आणि म्हटलं, “आज पर्वणी आहे गं आई. अण्णांच्या शास्त्रात बसतंय सगळं. चल, गुडघाभर तरी.”

“पौर्णिमा असेल. मला नाही जायचं.”

“का? पाय दुखतात? मी धरते ना.”

“पाय काही दुखत नाहीत. नाही जायचं म्हणजे नाही जायचं.” तिने साडीचा काठ वाळूतून उचलून मांडीवर घेतला. “त्याला कारण कशाला हवं? तुम्ही जा. सव्वाअकराच्या आत बाहेर या मात्र, नंतर ओढ लागते.”